लापिएर घराण्याची मोर्गों: बाटली घेण्याआधी एक अक्षर तपासा

दोमेन मार्सेल लापिएर या फ्रेंच बागेची मोर्गों ही रेड वाइन हातात आली की साल, दारूचं प्रमाण वगैरे नंतर वाचा. आधी लेबलावरच्या बारीक मजकुरात ‘एन’ आहे की ‘एस’ ते शोधा. द्राक्षं तीच, गाव तेच, वर्ष तेच, किंमतही जवळपास तीच. फरक एवढाच की ‘एस’मध्ये बाटली भरताना चिमूटभर सल्फर डायऑक्साइड (वाइन बिघडू नये म्हणून घालतात ते रसायन) घातलेलं असतं आणि ‘एन’मध्ये तेही नसतं. पण बाटली कुठून घ्यायची, कुठे ठेवायची, किती दिवसांत संपवायची आणि आपल्या हवेत मुळात आणायची की नाही, हे सगळं त्या अक्षरावर ठरतं. ज्यांना पूर्ण परीक्षण वाचायला वेळ नाही त्यांनी ‘एस’ घ्यावी, फ्रिजमधून काढून जराशी गार असतानाच प्यावी आणि उघडल्यावर दोन दिवसांत संपवावी. कारणं पुढे आहेत.

व्हिलिए-मोर्गों हे गाव फ्रान्समधल्या बोजोले या वाइनच्या भागाच्या उत्तरेकडे, लिओं शहरापासून गाडीने तासाभरावर आहे. बोजोले म्हटलं की बहुतेकांना नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी ‘बोजोले नुव्हो’ आठवते. केळ्याच्या आणि च्युइंगगमच्या वासाची, दीड-दोन महिन्यांत तयार होणारी, जेमतेम तेवढ्याच काळात संपवायची. तो धंदा वेगळा. याच भागात दहा गावं-टेकड्या अशा आहेत की त्यांची वाइन ‘बोजोले’ म्हणून नव्हे, स्वतःच्या नावाने विकली जाते. मोर्गों त्यांपैकी एक, १९३६ पासून कायद्याने राखलेलं नाव. बाटलीवर ‘बोजोले’ हा शब्द ठळक नसतो, त्यामुळे नवखा माणूस दुकानात तिच्यासमोरून निघून जातो.

द्राक्ष एकच, गामे. काळ्या सालीचं, आत पांढऱ्या रसाचं. १३९५ साली शेजारच्या बर्गंडी प्रांताच्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, या द्राक्षाला आपल्या मुलखातून हाकलून देण्याचं फर्मान काढलं होतं, कारण पीक भरपूर येतं पण वाइन फिकी होते. बर्गंडीच्या चुनखडीच्या जमिनीपुरती त्याची तक्रार अगदीच खोटी नसावी. बोजोलेच्या उत्तर भागात मात्र जमीन ग्रॅनाइटची, हलकी, रेताड. मोर्गोंच्या काही भागांत, विशेषतः कोत द्यु पी या टेकडीवर, कुजून भुसभुशीत झालेला निळसर खडक. अशा गरीब जमिनीत गामे आपोआप आवरतं. वेली जुन्या झाल्या की आणखी आवरतं. लापिएरांच्या वेलींचं सरासरी वय साठ वर्षांच्या आसपास आहे. नाशिककडच्या मांडवाची किंवा वाय आकाराच्या तारांची सवय असलेल्या बागायतदाराला तिथल्या जुन्या बागा विचित्र वाटतील: तार नाही, मांडव नाही, गुडघ्याएवढी वाटीच्या आकाराची झुडपं, आणि तीही हेक्टरी दहा हजारांच्या घरात दाटीवाटीने लावलेली. अशा रांगांतून यंत्र फिरत नाही. तोडणी हातानेच करावी लागते, आणि या वाइनची सगळी पद्धत हाताने तोडलेल्या, अखंड घडावरच उभी आहे.

बाग लहान आहे, साधारण चाळीस एकरांच्या आसपास. मार्सेल लापिएर यांनी १९७३ मध्ये वडिलांकडून ती हातात घेतली, पहिली काही वर्षं शेजारपाजारचे करत होते तेच केलं, आणि नंतर ज्यूल शोवे या माणसाच्या नादाला लागले. शोवे (१९०७–१९८९) त्याच भागातले वाइन व्यापारी आणि हाडाचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की द्राक्ष निरोगी असेल, थंड ठेवलं असेल आणि प्रत्येक टाकीतला रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिलात, तर सल्फर, बाजारचं यीस्ट आणि वरून घातलेली साखर यांच्यावाचून वाइन होऊ शकते. ‘नैसर्गिक वाइन’ म्हणजे काहीच न करता नशिबावर सोडून देणं, असा जो समज पुढे फोफावला, त्याच्या हे नेमकं उलट आहे. १९८० च्या दशकात लापिएर, त्यांचे शेजारी झाँ फोयार, झाँ-पोल तेवने आणि गी ब्रतों असे चौघे या वाटेने गेले. कॅलिफोर्नियातले आयातदार कर्मिट लिंच यांनी त्यांना ‘गँग ऑफ फोर’ असं नाव दिलं आणि ते चिकटलं. मार्सेल ऑक्टोबर २०१० मध्ये गेले. आता मुलगा मात्यू आणि मुलगी कामी आई मारी यांच्यासोबत बाग आणि तळघर सांभाळतात. पिढी बदलली की चव बदलते, हा अनेक घराण्यांतला अनुभव इथे फारसा आला नाही. असलाच तर बदल असा की अलीकडच्या बाटल्या जास्त स्वच्छ, जास्त एकसारख्या निघतात.

ही वाइन होते कशी, हे थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण ग्लासातल्या प्रत्येक गुणाचं आणि दोषाचं मूळ तिथे आहे. घड तोडतानाच बागेत निवडले जातात. सडका, फुटलेला मणी टाकीत गेला तर सल्फर नसल्यामुळे त्याला आवर घालणारं काहीच उरत नाही. मग घड रात्रभर गार केले जातात. देठासकट, न चिरडता, ते लाकडी टाकीत भरतात. वरच्या वजनाने तळाचे काही मणी आपोआप फुटतात, त्यांचा रस सालीवरच्या रानटी यीस्टने आंबायला लागतो, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि टाकी भरून टाकतो. आता वरचे अखंड मणी प्राणवायूवाचून बसले. अशा मण्याच्या आतच, यीस्टच्या मदतीशिवाय, त्याच्या स्वतःच्या एन्झाइम्सनी थोडी दारू तयार होते. दोन टक्क्यांच्या आसपास, त्याहून जास्त नाही. त्याच वेळी मॅलिक आम्लाचा बराच भाग मोडतो आणि आंबटपणाची धार कमी होते. साल रसात कुस्करली जात नसल्यामुळे तुरटपणा फार उतरत नाही. फळाचा ताजा, जवळजवळ फुलासारखा वास येतो तो इथून. दहा ते वीस दिवसांनी घड दाबतात. दाबयंत्रातून प्रथम जो रस गळतो तो अर्धा गोड, अर्धा वाइन झालेला असतो. तिथे त्याला ‘पारादी’, म्हणजे स्वर्ग, म्हणतात आणि तोडणीच्या दिवसांत ग्लास भरभरून पितात. उरलेलं आंबणं संपलं की वाइन बर्गंडीहून आणलेल्या जुन्या, वापरलेल्या पिंपांत, तळाच्या बारीक गाळावरच सुमारे नऊ महिने राहते. नवं ओक नाही, म्हणून व्हॅनिला नाही, धूर नाही, नारळ नाही. मग न गाळता बाटलीत.

यात जिथे-जिथे नेहमीचा वाइन कारखाना विम्याचा हप्ता भरतो, तिथे-तिथे हे घराणं तो भरत नाही. सल्फर बॅक्टेरिया मारतं. इथे थंडी आणि निवड त्याची जागा घेतात. बारीक गाळणी उरलेलं यीस्ट काढून टाकते. इथे ते बाटलीत जातं. म्हणूनच ‘एन’ बाटली १४ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा, असं खुद्द घराणंच सांगतं. ती शोभेची सूचना नाही. त्या तापमानाखाली उरलेसुरले जीव झोपलेले राहतात, वर गेलं की जागे होतात.

आता ग्लासाकडे. रंग माणकासारखा, मधून पलीकडची बोटं दिसतील इतका उघडा, जरा धुरकट. गढूळ दिसते म्हणून दुकानात परत नेऊ नका. न गाळलेली वाइन अशीच दिसते. नाशिकच्या शिराझची सवय असलेल्यांना पहिल्या नजरेला ही पाणी घातल्यासारखी वाटेल. वास घेतला की मत बदलायला लागतं: आंबट चेरी, महाबळेश्वरला मिळते तसली ताजी रासबेरी, पिकलेली तुती, त्यामागे व्हायोलेटसारखं फूल आणि जरा वेळाने काळ्या मिरीची बारीक चुणूक. देठ टाकीत होते म्हणून किंचित हिरवा, ओल्या पाल्याचा वासही असतो. तो पार्श्वभूमीला राहिला तर छान, पुढे आला तर वर्ष थंड होतं असं समजायचं.

तोंडात पहिल्यांदा जाणवतो तो रसरशीतपणा. जिभेच्या कडांना आंबटपणा झोंबत नाही, फक्त लाळ सुटते. तुरटपणा आहे, पण हिरड्या आवळणारा नाही. घोट गिळल्यावर जिभेवर बारीक पावडरसारखा राहतो. मध्यावर जरा मांसल, मिठाच्या कणासारखी एक चव, आणि शेवट मध्यम लांबीचा. बर्गंडीच्या चांगल्या पिनो न्वारसारखा मिनिटभर रेंगाळत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. हिचा जोर लांबीत नाही, पिण्याच्या सहजतेत आहे. साधारण साडेबारा ते साडेतेरा टक्के दारू, गरम वर्षी त्याहून जास्त, आणि ती कुठेही घशाला जळजळत नाही. खोट काढायची तर ही: खोली. तीन ग्लासांनंतरही पहिल्या ग्लासात कळलं नव्हतं असं फारसं काही पुढे येत नाही. फोयार यांची कोत द्यु पी या बाबतीत सरस आहे, जास्त गडद, जास्त गंभीर. पण तिला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं आणि खिसाही जास्त मोकळा करावा लागतो.

‘एन’ आणि ‘एस’ शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या, दोन्ही नीट राखलेल्या असल्या, तर ‘एन’चा वास जास्त मोकळा आणि फुलांचा असतो, तोंडात ती अधिक मऊ लागते. ‘एस’ सुरुवातीला जरा मिटलेली असते, अर्ध्या तासाने उघडते आणि मग दोघींतलं अंतर फार कमी उरतं. चांगल्या ‘एन’ला दहापैकी नऊ, ‘एस’ला साडेआठ. पण ‘नीट राखलेल्या’ या दोन शब्दांत सगळी ग्यानबाची मेख आहे. उन्हात राहिलेली ‘एन’ दोन-तीनवर येते आणि ‘एस’ तशाच वागणुकीतून सातवर सुटते.

बिघाड ओळखायचा कसा, हे या वाइनपुरतं तरी माहीत असायलाच हवं. सगळ्यात फसवा दोष म्हणजे ज्याला वाइनवाले उंदराची चव म्हणतात तो. ग्लासात नाक घातलं तर काही कळत नाही. घोट घेतला, गिळला, पहिले काही क्षण सगळं ठीक. दहा-वीस सेकंदांनी घशाच्या मागून शिळ्या पॉपकॉर्नसारखा, उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास वर येतो आणि जाता जात नाही. कारण रसायनाचं आहे. हा वास देणारी संयुगं वाइनच्या आम्लात बांधलेली राहतात, हवेत उडत नाहीत. लाळेत मिसळून आम्ल कमी झालं की सुटतात. मजा अशी की त्यांपैकी एक, २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन, हेच आपल्या आंबेमोहोर तांदळाच्या सुवासाचं मुख्य संयुग. भातात हवंहवंसं, वाइनमध्ये नकोसं. काही लोकांना हा दोष अजिबात जाणवत नाही, त्यामुळे एकाच टेबलावर एकजण तोंड वाकडं करतो आणि दुसरा दुसरा ग्लास मागतो. शंका असेल तर चमचाभर वाइनमध्ये खाण्याच्या सोड्याचे चार कण टाका, ढवळा आणि वास घ्या. दोष असेल तर लगेच वर येईल. ती बाटली हवेत ठेवून, जगमध्ये ओतून सुधारत नाही, उलट बिघडत जाते. सल्फर नसलेल्या वाइनमध्ये हा दोष जास्त दिसतो आणि पुष्कळदा बाटली उघडून काही तास झाल्यावरच डोकं वर काढतो. म्हणून ‘एन’ उघडली तर त्याच बैठकीत संपवावी.

बाकीचे दोष सोपे आहेत. गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास म्हणजे ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट. थोडा असेल तर काहींना आवडतोही, जास्त असेल तर फळ झाकून टाकतो. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास म्हणजे अ‍ॅसिटिक आम्लाचे जीव कामाला लागले. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच खराब. त्यात बागेचा किंवा साठवणुकीचा दोष नाही आणि इलाजही नाही, बाटली परत करावी. उघडल्या-उघडल्या काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर मात्र घाबरू नका. प्राणवायू कमी मिळाल्याची ती खूण आहे. जगमध्ये ओतून वीस मिनिटं ठेवली की बहुधा जातो. तसंच जिभेवर बारीक टोचणी जाणवली तर ती बहुतेक वेळा मुद्दाम राखलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते, सल्फरऐवजी वाइनचं रक्षण करणाऱ्या. जगमध्ये ओतून दोन-चार हेलकावे दिले की निघून जाते. पण बूच काढताना सोड्याच्या बाटलीसारखा आवाज आला, फेस टिकून राहिला आणि चवीला वाइन गोडसर-यीस्टसारखी लागली, तर ती बाटलीत पुन्हा आंबली आहे. हे घडतं कधी? गरम वर्षी द्राक्षात साखर जास्त असते, यीस्ट शेवटी दमतं, थोडी साखर मागे राहते. आणि पुढे बाटली गरम जागी ठेवली की मागे राहिलेलं यीस्ट ती संपवायला बसतं. म्हणून २०२० किंवा २०२२ सारख्या उष्ण वर्षांतली ‘एन’ घेताना साठवणुकीची चौकशी दुप्पट करावी.

वर्षांचं म्हणाल तर वरची दोन्ही भरदार, गडद, पिकलेल्या फळाची. २०२१ त्यांच्या अगदी विरुद्ध: एप्रिलमध्ये फ्रान्सभर कडाक्याच्या थंडीने कोंब जळले, उन्हाळा ओला गेला, वाइन सडपातळ आणि आंबटाकडे झुकलेली झाली. अनेकांनी नाकं मुरडली. जेवणासोबत हलकी रेड पिणाऱ्याला मात्र २०२१ जास्त आवडण्याचा संभव आहे. नुसतीच पिणार असाल तर २०२२ घ्या.

किंमत फ्रान्समध्ये २५ ते ३० युरोंच्या आसपास. एकेकाळी ही रोजच्या जेवणाची वाइन होती, आता नाही. मागणी जगभर आणि बाग तेवढीच, त्यामुळे दरवर्षी थोडी वर सरकते. त्या पैशात ही अजूनही न्याय्य आहे, पण स्वस्त म्हणवत नाही. ज्यांना या हाताची ओळख करून घ्यायची आहे त्यांनी आधी ‘रेझें गोल्वा’ घ्यावी. त्याच घराण्याची, तरुण वेलींची, साधी, पुष्कळ स्वस्त. खोली शोधू नये, गार करून प्यावी. मारी लापिएर यांचा हात असलेली शातो कांबों हाही चांगला मधला पर्याय आहे. वरच्या टोकाला सगळ्यात जुन्या वेलींची ‘क्युव्हे मार्सेल लापिएर’ असते. ती फक्त चांगल्या वर्षी होते, आणि पाच-सात वर्षं थंड तळघर हाताशी असेल तरच तिचे पैसे वसूल होतात.

भारतात ही बाटली सर्रास दिसत नाही. फ्रेंच वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्क्यांच्या घरात आयात शुल्क राहिलं, त्यावर राज्याचे कर. छोट्या बागेची नाजूक वाइन आणून ठेवण्यात दुकानदाराला रस नसतो. म्हणजे ज्यांना मिळते ते बहुधा पॅरिस, लंडन, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणारे, नाहीतर तिथून येणारे. बे एरियातल्या वाचकांना तर बर्कलीचं कर्मिट लिंच यांचं दुकानच जवळ आहे. त्यांचा माल थंड कंटेनरमधून येतो, आणि या वाइनच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं. इतर कुठेही घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: माल थंड कंटेनरमधून आला का, आणि दुकानात तो कुठे ठेवला आहे. काचेच्या तावदानात, दिव्याखाली उभी ठेवलेली बाटली दाखवायची असते, घ्यायची नसते. बूच गळपट्टीच्या वर जरासं फुगून आलेलं, मानेशी चिकटपणा किंवा पातळी नेहमीपेक्षा खाली, यांतलं काहीही दिसलं तर बाटलीने कुठेतरी उष्णता खाल्लेली आहे.

सोबत भारतात आणायची तर माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्कमुक्त आणता येते. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतली की सव्वादोन, मग शुल्क. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. विमानाच्या पोटात फारसा धोका नसतो. धोका असतो तो विमानतळाबाहेर पार्क केलेल्या गाडीच्या डिकीत. एप्रिल-मेमध्ये बंद डिकीत तासभर म्हणजे ‘एन’चा निकाल. पुढच्या सीटवर, पायाशी, एसीत ठेवा. आणि मे महिन्यात ‘एन’ आणूच नका, ‘एस’ आणा.

घरी ठेवायची कुठे? स्वयंपाकघराच्या कपाटात तर नाहीच. पुण्यातल्या फ्लॅटमध्येही उन्हाळ्यात तिथे पस्तिशी गाठते. वाइन कूलर घ्यायचा विचार असेल तर कॉम्प्रेसरवाला घ्या. स्वस्त, आवाज न करणारे थर्मोइलेक्ट्रिक कूलर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण दहा-पंधरा अंशच खाली उतरवू शकतात. नागपूरच्या चाळिशीत त्याच्या आत पंचवीस ते तीस अंश असतील, आणि यंत्र दिवसभर धापा टाकत राहील. दोन-चार बाटल्यांसाठी साधा फ्रिज पुरतो. खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये, जिथे दार उघडलं की लगेच गरम हवा लागत नाही, तिथे आडवी ठेवा. चार-पाच महिने काही बिघडत नाही. वर्षभर ठेवायचा बेत मात्र नको, कोरड्या थंडीत बूच आकसतं. ‘एस’ चांगल्या साठवणीत पाच-आठ वर्षं जगते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी सगळ्यात छान असते. आपल्याकडे आणलेली कुठलीही बाटली सहा महिन्यांत उघडावी, उगाच मुरवत बसू नये.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसतो. पिण्याचं तापमान १२ ते १४ अंश. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम फ्रान्समधल्या जुन्या दगडी घरांचा आहे, ठाण्यातल्या फ्लॅटचा नाही. फ्रिजमधली बाटली पाऊण तास आधी बाहेर काढा. तीस अंशांच्या खोलीतून सुरुवात असेल तर फ्रिजमध्ये अडीच तास, किंवा बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं भरलेल्या बादलीत वीस मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाणी हवंच. बर्फाच्या खड्यांमधली हवा गारवा पोचू देत नाही. फ्रीझरमध्ये टाकून विसरण्याची चूक फार जण करतात. ग्लास मोठ्या पोटाचा घ्या आणि एका वेळी शंभर मिलिलिटरच ओता, कारण आपल्या खोलीत ग्लासातली वाइन पंधरा-वीस मिनिटांत १८-२० अंशांवर जाते. तिथे फळ बसतं आणि दारू पुढे येते. शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या.

खाण्याचं म्हणाल तर लिओंच्या बूशों नावाच्या छोट्या खानावळींत हिच्यासोबत सुकवलेलं सॉसेज, भाजलेली कोंबडी, मऊ सँ-मार्सलँ चीज येतं. चरबी आणि मीठ यांच्याशी हिचा आंबटपणा छान जमतो, तुरटपणा आड येत नाही. त्याच न्यायाने आपल्या ताटात लोणी घातलेलं थालीपीठ, चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, दाण्याच्या कुटाची भरली वांगी, मसुराची आमटी, कमी तिखटाचं सुकं चिकन. भरतातला धूर आणि गामेचं फळ ही तर जमलेली जोडी आहे. गोड्या मसाल्याला ही वाइन सहज पेलते. तांबडा रस्सा, ठेचा, झणझणीत मिसळ यांच्यापुढे मात्र फळ पार हरवतं आणि दारूने तिखट आणखी भडकतं. आंबट फार असलेलं काही, म्हणजे कोकमाची आमटी वगैरे, वाइनला बेचव करतं. बांगड्यासोबत तर मुळीच नको: रेड वाइनमधल्या लोहाने तेलकट माशाच्या चरबीतून तोंडात धातूसारखा, शिळ्या मासळीचा वास सुटतो. हलकी रेड आहे म्हणून चालेल, असं वाटतं, चालत नाही. आणि पुरणपोळीनंतर घोट घेतलात तर उत्तम वर्षाची मोर्गोंसुद्धा लिंबूपाणी लागेल.

उरलीच तर लहान बाटलीत, उदाहरणार्थ अर्ध्या मापाच्या, काठोकाठ भरून बूच लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. अर्ध्या रिकाम्या मोठ्या बाटलीतली हवाच तिला मारते. ‘एस’ दुसऱ्या दिवशी बहुधा पहिल्यापेक्षा चांगली लागते, मिरीची चव वर येते, फूल जरा मागे जातं. तिसऱ्या दिवशी सपाट. त्यानंतर ती कोंबडीच्या रश्श्यात घालावी, तीही सोड्याच्या चाचणीत उंदीर निघाला नसेल तरच.